हार्टमुटची खिडकी

"काचेवर टकटक करायची नाही," मान वर न करता हार्टमुट म्हणाला. "डोळे आहेत मला. दिसतोयस तू."

खिडकीपलीकडच्या लिथुआनियन ड्रायव्हरने बोट मागे घेतले. त्याच्यामागे आणखी सहा-सात जण हातात कागद धरून उभे होते. नोव्हेंबरचा बारीक पाऊस आडवा येत होता, आणि खिडकीवरचा पत्रा बांधणाऱ्याने खिडकी भिजू नये एवढ्याच बेताने बसवला होता. माणसांचा विचार त्यात नव्हता. हार्टमुटने पावावरचा, तिकडे खातात तसा कच्चा खिमा आणि कांदा सावकाश संपवला, बोटे कागदी रुमालाला पुसली आणि मगच काच सरकवली.

"काय आणलंयस?"

"दही."

"वेळ कितीची होती?"

"साडेआठ."

"मग आठला कशाला उगवलास? लवकर येणारे आणि उशिरा येणारे, मला दोन्ही सारखेच डोक्याला ताप. ही चकती घे. वाजली की यायचं. त्याआधी इथं तोंड दाखवायचं नाही."

ड्रायव्हरने ती बोलावणे आले की थरथरणारी काळी चकती उचलली आणि निमूट गाडीकडे गेला. हार्टमुट ब्रोकेलमान ड्रायव्हरांना सरसकट अरे-तुरे करायचा. त्यांनी मात्र त्याला 'हेर ब्रोकेलमान', म्हणजे ब्रोकेलमानसाहेब, म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. एका बल्गेरियन पोराने अजाणता उलट केले होते, तर त्याच्या काकड्यांची गाडी संध्याकाळपर्यंत आवारात उभी होती. कारण विचारल्यावर हार्टमुटने सांगितले होते, "व्याकरण."

जर्मनीतल्या ब्रेमेनच्या दक्षिणेला, महामार्गाला लागून हे गोदाम होते. दोनशे-सव्वादोनशे दुकानांचे दूध, लोणी, भाजी, मांस सगळे इथून जायचे. राखाडी, जवळजवळ बिनखिडक्यांचे, लांबून बघितले तर मक्याच्या शेतात कुणी बुटाचा रिकामा खोका टाकून गेल्यासारखे दिसायचे. येणारा माल तपासून घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवणारी खिडकी हार्टमुटची होती.

तो एकोणिसाव्या वर्षी या धंद्यात आला, तेव्हा गोदाम म्हणजे साठा असे. रेल्वेच्या मालधक्क्याला लागून विटांची तीन मजली इमारत होती. साखर, पीठ, वाटाणे महिनोन् महिने तिथे मुक्कामाला असत. रस्ते बर्फाने बंद पडले तरी जिल्हा उपाशी राहिला नसता. आता सकाळी आलेला माल संध्याकाळी गेलेला असायचा. माल ठेवायला जागा लागते, जागेला भाडे लागते, थंडाव्याला वीज लागते. म्हणून मुख्य कचेरीतल्या हुशार लोकांनी तो ठेवायचेच बंद केले आणि लोकांच्या गाड्यांवर सोडून दिला. खरे गोदाम आता बाहेर होते. डांबरी आवारात तीस-चाळीस गाड्या, प्रत्येक गाडीत थंडगार माल, आणि त्या मालाची राखण करत बसलेला एक माणूस, ज्याच्या बसून राहण्याचे कुणी कुणाला काही देणे लागत नव्हते.

हे हार्टमुटला पक्के ठाऊक होते. त्याचा राग खरे तर कचेरीवर निघायला हवा होता. पण कचेरी खिडकीसमोर येऊन उभी राहत नाही. ड्रायव्हर राहतात. तेव्हा पन्हळीचे पाणी जसे खाली जो कुणी असेल त्याच्या डोक्यावर पडते, तसा हार्टमुटचा तिरस्कार त्यांच्या डोक्यावर पडायचा. तसा तो इतरांनाही कमी पडत नसे. कानात इअरफोन खुपसून फोर्कलिफ्ट चालवणारी पोरे, स्वतःची बाग दाखवत सुटणारा मेव्हणा, टाय लावून गोदाम बघायला येणारे साहेब, सगळ्यांना पुरून उरेल एवढा साठा त्याच्यापाशी होता. त्याच्या बायकोचे नाव गेझीने; ती फार वर्षांपूर्वीच रेडिओ लावून जेवायला शिकली होती.

ड्रायव्हरांत त्याला उलट उत्तर देणारा एकच होता, झेनॉन विल्कोश. पूर्व पोलंडमधल्या कुठल्याशा गावाहून तो अळंबी आणायचा, दर मंगळवारी. पोट सुटलेले, मिशा तंबाखूने पिवळ्या, आणि काच सरकायच्या आत त्याचे सुरू व्हायचे: "सुप्रभात, हेर डिरेक्टर! आज किती जणांना फाशी दिलीत?"

एकदा त्याने खिडकीत डोके घालून कळवळून सांगितले होते, "आज लवकर सोडा हो. बायकोचे दिवस भरलेत."

"किती वय बायकोचं?"

"एकावन्न."

"एकावन्न?"

"म्हणून तर घाई आहे!"

रांग फिदीफिदी हसली होती. हार्टमुट खिडकीत कधी हसत नसे. पण ती गोष्ट त्याने घरी गेझीनेला सांगितली आणि तिनेही हसून रेडिओ बारीक केला होता. तेव्हापासून ते बाळंतपण लांबतच गेले. कधी जुळी व्हायची, कधी सुईण संपावर जायची. हार्टमुट दर मंगळवारी एखादे खोचक उत्तर घरूनच तयार करून आणू लागला. नऊ वर्षे हे चालले होते. याला काय म्हणायचे, हे त्याला कुणी विचारले असते तर तो म्हणाला असता, डोकेदुखी.

त्या मंगळवारी महामार्गावर अपघात झाला होता आणि झेनॉन उशिरा आला. तो खिडकीशी आला तेव्हा 'सुप्रभात' नव्हते. चेहरा पिठासारखा झाला होता आणि डावा हात त्याने उजव्या हाताने धरला होता.

"उशीर," हार्टमुट म्हणाला.

"रस्ता बंद होता."

"तुझा रस्ता कायम बंद असतो. वेळ गेली तुझी. मध्ये कुठं माल उतरवायचा धक्का मोकळा झाला तर बोलावतो."

"किती वेळ?"

"मी काय ज्योतिषी आहे?"

झेनॉनने खिडकीच्या कठड्याला धरले. "हेर ब्रोकेलमान, आत खुर्ची आहे ना. पाच मिनिटं टेकू द्या. नुसता घाम फुटलाय. आणि हा हात बघा ना, माझा नसल्यासारखा झालाय."

तो डिरेक्टर म्हणाला नाही, हे हार्टमुटच्या लक्षात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गडी नरम पडला, असे त्याला वाटले. घरून आणलेले उत्तर त्याने बाजूला ठेवले, कारण त्याहून सरस काहीतरी जिभेवर आयतेच आले होते.

"काय रे," तो रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आज तुझेच दिवस भरलेत की काय?"

रांग हसली. झेनॉनसुद्धा हसला, सवयीने, अर्धाच. मग त्याने चकती घेतली आणि गाड्यांच्या रांगेतून निघाला. एकदा कुणाच्या तरी चाकाला हात लावून उभा राहिला, मग पुढे गेला.

थोड्या वेळाने सेव्हिम आत आली. ती धक्क्यावर फोर्कलिफ्ट चालवायची. जन्म ब्रेमेनचा, बाप तुर्की जहाजबांधणी कामगार, आणि हार्टमुटला न घाबरणारी गोदामातली ती एकटी.

"तो अळंबीवाला आज गप्प का होता?" तिने थर्मासमधून चहा ओतत विचारले.

"नाटकं."

"रंग बघितलात त्याचा? डॉक्टरला फोन लावू का?"

"आणि काय सांगशील? ड्रायव्हरला कंटाळा आलाय म्हणून? त्याची बायको नऊ वर्षं बाळंत होतेय, सेव्हिम. त्याचं एक अक्षर खरं नसतं."

"तुमच्याशी बोललं ना, की चहा कडू लागतो," ती म्हणाली आणि कप घेऊन निघून गेली. फोन मात्र तिनेही केला नाही. धक्क्यावर तीन गाड्या तिची वाट बघत होत्या.

दुपारी चौदा नंबरचा धक्का मोकळा झाला. हार्टमुटने झेनॉनची चकती वाजवली. कुणी आले नाही. त्याने पुन्हा वाजवली, मग मोठ्या समाधानाने तो धक्का एका डॅनिश मांसाच्या गाडीला देऊन टाकला. ती रिकामी होऊन गेल्यावर तिसऱ्यांदा वाजवली.

"झोपलाय लेकाचा," तो सेव्हिमला म्हणाला. "जाऊन दार बडव त्याचं."

ती गेली ती चालतच परत आली. धावत नव्हे. खिडकीच्या बाहेरच्या बाजूने, ड्रायव्हर उभे राहतात तिथे येऊन उभी राहिली.

"चकती मांडीवर वाजतेय त्याच्या," ती म्हणाली. "अंग गार पडलंय."

रुग्णवाहिका आली, पोलीस आले, बाजूच्या गाड्यांमधले ड्रायव्हर टोप्या काढून उभे राहिले. झेनॉनला नेले. त्याच्या गाडीवरचे थंडाव्याचे यंत्र मात्र सकाळपासून अखंड घुरघुरत होते. ते कुणी बंद केले नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून फोन आला.

"ती अळंबीची गाडी का? मग रिकामी करून घ्या. उद्या दुकानांत नसली तर बोंब होईल."

दुसऱ्या एका पोलिश ड्रायव्हरने दात आवळून ती गाडी धक्क्याला लावली. हार्टमुट आत चढला. नेहमीप्रमाणे त्याने एक खोका उघडला आणि तापमापकाची सुई आत खुपसली. दोन अंश. अळंबी पांढरीशुभ्र, घट्ट, एकावरही डाग नाही. नाव ठेवायला जागा नव्हती. त्याने शिक्का मारला.

मुख्य कचेरीतून हेर ओसेनब्रुक आले ते त्या आठवड्याच्या शेवटी. वयाने हार्टमुटच्या मुलासारखे, आवाज मऊ, बूट आवारातून चालत आले तरी कोरडे.

"तुम्ही अगदी नियमाप्रमाणे वागलात," ते म्हणाले. "हे आधी सांगतो, म्हणजे तुम्ही मोकळे."

"त्यानं खुर्ची मागितली होती."

"बाहेरच्या ड्रायव्हरला आत घेणं सुरक्षेच्या नियमात बसत नाही. घेतलं असतंत, तर आज मला वेगळ्या कारणासाठी यावं लागलं असतं."

"तो मेला."

"हो. फारच वाईट. पण गाडीत, आणि मालस्वीकृतीच्या आधी. माल अजून आपल्याकडे आलेला नव्हता. आमच्या वकिलांच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे."

"मी मालाबद्दल बोलत नाहीये."

"मीसुद्धा नाही," ओसेनब्रुक म्हणाले.

हार्टमुटने त्यांच्याकडे बघितले. अशा माणसासाठी त्याच्याकडे कायम काहीतरी तयार असायचे. आज शोधले तर आत काही सापडेना. समोरच्याचा तिटकारा येत होता, पण त्याला टेकायला खाली जमीन नव्हती.

"हवी तर रजा घ्या," ओसेनब्रुक उठता उठता म्हणाले. "तसंही वसंतात या खिडकीच्या जागी यंत्र येतंय. ड्रायव्हर स्वतःच नोंद करतील. बारा भाषा बोलतं ते."

"टोमणे मारतं का?"

ओसेनब्रुकना तो विनोद वाटला. ते शिष्टाचारापुरते हसले.

घरी बायको म्हणाली, "तू काही केलं नाहीस, हार्टमुट."

"तेच तर," तो म्हणाला, आणि ताट पुढे सरकवून बसला. तिने रेडिओ लावायला हात नेला होता, तो तसाच परत घेतला.

त्यानंतर खिडकीवर कुणी टकटक केली नाही. रांग लागायची, पण रांगेत कुणी बोलायचे नाही. त्यांच्या नजरेत राग असता तर हार्टमुटला बरे वाटले असते. रागाशी त्याची जुनी ओळख होती. ते त्याच्याकडे बंद दुकानाच्या पाटीकडे बघावे तसे बघायचे. एका सकाळी त्याने त्या लिथुआनियन दहीवाल्याला विचारले, "तुम्हाला कॉफी हवी का?" ड्रायव्हर दोन पावले मागे सरला. यात काय डाव आहे, हे त्याला समजेना. "नको," तो म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

झेनॉनचे केबिनमधले सामान पोलिसांनी केळ्यांच्या एका खोक्यात भरून हार्टमुटच्या खोलीत ठेवले होते. गाडी कंपनीने दुसऱ्या ड्रायव्हरला देऊन टाकली होती. पुढच्या आठवड्यात एक पोलिश ट्रक फाटकाशी थांबला आणि त्यातून एक बाई उतरली. उंच, वाळलेली, हात मातीकाम करणाऱ्याचे. खिडकीशी न थांबता ती सरळ दाराने आत आली.

"विल्कोशचं सामान," ती म्हणाली. तिची जर्मन इथल्या शतावरीच्या शेतात हंगामी मजुरी करताना शिकलेली होती, आखूड आणि स्पष्ट.

हार्टमुट उभा राहिला. "तुम्ही त्यांच्या पत्नी? या. बसा ना."

"बसायला आले नाही."

सेव्हिम दारात येऊन थबकली होती. हार्टमुटने खोका उचलला नाही. "मी ब्रोकेलमान," तो म्हणाला आणि थांबला. बाईच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. "हार्टमुट ब्रोकेलमान. या खिडकीवरचा."

"बरं."

"ते कधी बोलले असतील माझ्याबद्दल. आमची दर मंगळवारी जुंपायची. मला डिरेक्टर म्हणायचे."

"सगळ्यांनाच म्हणायचा," ती म्हणाली. "प्रत्येक गोदामाला एक खिडकी असते, खिडकीत एक डिरेक्टर बसलेला असतो. आठवड्याला आठ-दहा तरी. तुम्ही त्यातले कोणते?"

आणि हा घरून उत्तर तयार करून आणणारा माणूस. नऊ वर्षे तो ज्याच्याशी झुंजतोय असे त्याला वाटत होते, तो बिचारा फक्त आपला माल उतरवत होता. या गोदामात, पुढच्या गोदामात, त्याच्या पुढच्या गोदामात.

"त्यांनी त्या दिवशी माझ्याकडे खुर्ची मागितली," तो म्हणाला. "पाच मिनिटं टेकायला. मी दिली नाही."

बाईने खोक्याकडून नजर त्याच्याकडे वळवली.

"वर चेष्टा केली."

"हेर ब्रोकेलमान," सेव्हिम हळू आवाजात म्हणाली, "राहू द्या आता."

"कसली चेष्टा?" बाईने विचारले.

त्याला ते शब्द उच्चारणे भाग पडले. तेव्हा जे जिभेवर आयते आले होते ते आता ओढून काढावे लागले. "ते म्हणायचे, बायकोचे दिवस भरलेत, लवकर सोडा. म्हणून मी म्हटलं... आज तुझेच दिवस भरलेत की काय."

बाहेर कुणाची तरी गाडी मागे येताना पिपाणी वाजवत होती.

"ते बाळंतपण इथंही सांगायचा होय तो," अखेर बाई म्हणाली. "आम्हाला मूल झालं नाही. सुरुवातीला मी रडायचे. मग त्यानं हे सुरू केलं. सुईण संपावर गेली, जुळी होणार, असलं काहीबाही. मी हसावं म्हणून." तिने हाताची बोटे कोटाला पुसली, ती कोरडीच होती. "हे मला सांगून तुम्हाला हलकं वाटलं?"

"नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "द्या तो खोका."

पिवळे जाकीट घातल्याशिवाय आवारात पाऊल टाकायचे नाही असा नियम होता आणि खोलीत एकच जाकीट होते. हार्टमुटने ते तिला दिले. तिने कोटावरून चढवले. तिला ते फार मोठे होत होते. खोका तिने मागितला होता, पण तो त्याने स्वतःच उचलला, आणि ती त्यावरून वाद घालत बसली नाही. दोघे पावसातून निघाले. खोक्यात वर एक उशी होती, कडेला एक ॲल्युमिनियमचे भांडे, आणि चालताना ते भांडे कशावर तरी वाजत होते. दोन्ही बाजूंच्या केबिनांमधून ड्रायव्हर खाली बघत होते. काचा कुणी खाली केल्या नाहीत.

ट्रकची पायरी उंच होती. हार्टमुटने खोका एका हाताने छातीशी धरून दुसरा हात पुढे केला. तिने दांडी पकडली आणि स्वतःच वर चढली. मग वाकून खोका घेतला, मांडीवर ठेवला, जाकीट काढले, त्याची चार पदरी घडी घातली, धुतलेले कपडे घालतात तशी, आणि ती घडी खाली त्याच्या हातात दिली.

"धन्यवाद," ती म्हणाली. बसच्या कंडक्टरला म्हणावे तसे.

ट्रक वळला आणि फाटकातून महामार्गाकडे गेला. हार्टमुट आवाराच्या मध्यावर उभा राहिला. त्याच्यामागे एक मोठी गाडी धक्क्याकडे जायला आली होती, ती थांबली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला नाही. काचेवरचा वायपर तेवढा इकडून तिकडे फिरत होता. बऱ्याच वेळाने हार्टमुटच्या ते ध्यानात आले. त्याने हात वर केला. तो थांब म्हणण्याचा होता की माफीचा, हे त्या ड्रायव्हरला कळले नसावे. ते जाकीट घडी न मोडता त्याने कोटाच्या आत घेतले आणि भिजत, भिंतीच्या कडेकडेने, गाड्यांना वाट देत तो चालू लागला.